एका हाताची मूठ

पिस्तूल उडालं आणि काहीच झालं नाही. माजिदाच्या कोपराखाली इक्बालने आपला तळहात धरून ठेवला होता. गेली तीन वर्षं तो असाच धरत आला होता, तिला न शिवता, दोन बोटं अंतर ठेवून. छर्रा सुटला की तिचं कोपर आधी मागं यायचं, मग खाली, त्याच्या तळहातावर टेकायचं, आणि तो म्हणायचा, "सोडू नको, धरून ठेव." १९९१ च्या जानेवारीतल्या त्या शुक्रवारी, भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामात, जर्मनीहून आलेल्या नव्या पिस्तुलातून तिने पहिला छर्रा मारला तेव्हा फट् असा कोरडा आवाज झाला, दहा मीटरवरच्या कार्डात भोक पडलं, आणि तिचं कोपर जागचं हललं नाही. त्याचा हात हवेत तसाच राहिला. मागं खुर्चीत बसलेला केसरीनाथ, गोदामाचा मालक आणि क्लबचा सेक्रेटरी, मोठ्याने हसला. "इक्बालभाय, हात खाली घ्या आता. कुनाकडं काय मागताव?" माजिदाही हसली. तिचं हसणं साधं होतं, त्यात काही नव्हतं, हे त्याला कळत होतं. तरी तो हात खाली घ्यायला त्याला वेळ लागला, आणि घेतल्यावर तो कुठं ठेवायचा ते सुचेना. शेवटी त्याने तो पॅन्टच्या खिशात घातला आणि कार्डाकडं बघितलं. नऊ. दहाच्या रेषेला चिकटून नऊ.

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. सहा दिवस जे कानांवर आदळत असतं ते सातव्या दिवशी थांबतं, पण माणसांचा आवाज काही खाली येत नाही; चहाच्या टपरीवर, मशिदीच्या दारात, दोन हातांवरचा माणूस दोन हातांवरच्या माणसाशी ओरडून बोलत असतो. राहनाळच्या गोदामातही तसंच चालायचं. जुम्याची नमाज झाली की इक्बाल आणि माजिदा रिक्षाने यायचे, अडीचच्या सुमारास आणखी पाचसहा जण जमायचे, कागदाच्या रिळांची थप्पी एका बाजूला सारलेली असायची, आणि मोकळ्या झालेल्या लांबट जागेत भिंतीला चार कार्डं लावलेली असायची. दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. गेली सहा वर्षं या बटणाशी इक्बालचा जो काही व्यवहार होता तो त्याच्या आयुष्यातला एकमेव असा होता की जो कुणी त्याला सांगितलेला नव्हता. गुलाम हुसेनशेठच्या कारखान्यात तो जॉबर होता, बावीस वर्षं; अठ्ठेचाळीस माग, कुठला बिघडला की "जॉबर साब" अशी हाक यायची आणि तो जायचा. घरी गेला की कुणीतरी कशाला तरी हाक मारायचं. गोदामात रेषेवर उभा राहून हात वर केला की कुणी हाक मारत नसे. एकेचाळीस वर्षांचा झाला होता तो. गेल्या पावसाळ्यापासून पिस्तुलाच्या नळीवरची पुढची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, त्याला कधी कधी दोन दिसायची. डोळे मिटून उघडले की पुन्हा एक व्हायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, माजिदालाही नाही.

जुनं पिस्तूल स्प्रिंगचं होतं. नळी मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग आवळली जाते, चाप ओढला की स्प्रिंगपुढचा दट्ट्या झेपावतो. दट्ट्या पुढं निघाला की पिस्तूल मागं येतं, तो टोकाला आदळला की पुढं हिसका खातं, आणि हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत होऊन जातात. म्हणजे नेम कितीही चोख असला तरी छर्रा नेमातून सुटत नाही. हाताने तो धक्का जसा घेतला तसा सुटतो. घट्ट धरलं तर एका जागी, सैल धरलं तर दुसऱ्या जागी, मनगट थकलं की तिसऱ्याच जागी. पहिली दोन वर्षं त्याचे छर्रे कार्डभर हिंडायचे. मग एका दुपारी मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून उभा असताना त्याच्या ध्यानात आलं की हे आपल्याला येतं. धोटा एका डब्यातून सुटतो, सुतामधून पळत दुसऱ्या डब्यात शिरतो. तिथं तो आदळून उसळला की धागा सैल पडतो, कापडात खोट येते. डब्यातली चामड्याची पट्टी इतकी आवळायची की धोटा थांबावा पण अडकू नये. किती, ते पट्टीवर लिहिलेलं नसतं. तळव्याला कळतं. त्याने पिस्तूल तसं धरायला सुरुवात केली, धोट्याला डबा धरतो तसं, आणि वर्षभरात जिल्ह्यात पहिला आला. मुंबईच्या रेंजवर त्याने पिस्तुलाची एक वेगळी जातही पाहिली होती. तिच्यात स्प्रिंगच असते, पण चाप ओढताच नळीसकट वरचा सगळा भाग बारक्या रुळांवर मागं घसरतो आणि हाताला धक्का कळतच नाही. ते पिस्तूल धरणारा माणूस त्याला गाडीत बसून शर्यत धावणाऱ्यासारखा वाटला होता. नव्या पिस्तुलात तर तेवढंही नव्हतं. बाजूची लांब दांडी उघडायची, एकदा मिटायची, तेवढ्यात हवा दाबली जाऊन बसते. चाप ओढला की निघून जाते. आत काही धावत नाही, काही आदळत नाही. सहा वर्षं त्याने जे शिकून घेतलं होतं ते कुणीतरी जर्मनीत बसून काढून टाकलं होतं, जसं अंगावरचं सूत काढून टाकावं.

आणि माजिदाला ते कधी यायचंच नाही. तिला तो धक्का कधी जमला नव्हता. तीन वर्षांपूर्वी ती जेवणाचा डबा घेऊन आली होती, कुणाचं तरी कार्ड शिल्लक होतं, केसरीनाथ म्हणाला, "वैनींना मारू द्या एक," आणि तिने मारला तो भिंतीत गेला. घरी ती कांड्या भरायची. यंत्रावर कांडी फिरत असताना बोटांमधून सूत सोडायचं, न तुटता, न सैल पडता, दिवसाचे पाच तास. असं काम करणाऱ्या बाईचा हात स्थिर असणारच. पण धक्का आला की ती डोळे मिटायची. तो कोपराखाली हात धरायचा. चारशेपैकी तीनशे वीस, तीनशे अठ्ठावीस, ती कार्डं बघून तोंड वाकडं करायची आणि तो म्हणायचा, "व्हईल. वेळ लागतो." त्या "वेळ लागतो"मध्ये त्याला किती सुख होतं हे त्याला या शुक्रवारी कळलं, जेव्हा तिच्या पहिल्या दहा छर्‍यांची बेरीज ब्याण्णव आली. त्याची स्वतःची दहा छर्‍यांची आजवरची सगळ्यात मोठी बेरीज चौऱ्याण्णव होती. माजिदाला त्या आकड्याच्या जवळ पोचायला वीस मिनिटं लागली.

त्यातही बेरजेचं त्याला एवढं लागलं नाही. दुसऱ्या दहाच्या वेळी तो मागून बाजूला सरकून उभा राहिला होता आणि त्याला तिचा चेहरा दिसला. चाप ओढायच्या आधीचा. ओठ किंचित सुटलेले, भुवया सैल, डोळे उघडे पण कशावर रोखलेले नाहीत असे. सोळा वर्षं लग्नाला झाली होती. झोपेतला तिचा चेहरा त्याला माहीत होता, बाळंतपणातला माहीत होता, सासूच्या मयतीच्या दिवशीचा माहीत होता. हा नव्हता माहीत. असं वाटलं की ती दार लावून आत गेली आहे आणि आतून कडी घातल्याचा आवाज त्याने ऐकला आहे. छर्रा सुटला. ती परत आली, दांडी उघडली, सहज त्याच्याकडं बघून म्हणाली, "ह्याला कायच लागत नाय वो. मी उगाच तीन वर्षं घाबरत होते." घाबरत होते. म्हणजे तो जे शिकवत होता ती भीतीच होती.

साडेपाचला सगळे निघाले तेव्हा केसरीनाथने दोघांना थांबवलं. तो शेजारच्या दापोड्याचा, वडिलांची भातशेती होती तिथं आता चार गोदामं उभी होती, आणि गोदामांत त्याला फारसा रस नव्हता. क्लबचा जीव मात्र त्याने धरून ठेवला होता. "आयका," तो म्हणाला. "मार्चमध्ये पुन्याला राज्य स्पर्धा. पिस्तूल एकच हाय. आनि ही बगा मूठ." त्याने पिस्तूल उलटं करून दाखवलं. मूठ अक्रोडाची होती, पण मुद्दाम जाड ठेवलेली, ओबडधोबड. ज्याच्या हातात जायची त्याच्या हाताप्रमाणे लाकूड काढून घ्यायचं अशी ती यायची. "ही एकाच हाताला कापायची. दोगांना बसवायला गेलो तर कुनालाच बसनार न्हाय. आनि खरं बोलायचं तर अर्जात बाईमानसाचं नाव लावलं म्हनून हे पिस्तूल आपल्याला मिलालंय. तवा वैनींचा हात. कापायचं काम तुमीच करा, तुमच्यासारखा हात भिवंडीत कुनाचा हाय?"

"बरोबर हाय," इक्बाल म्हणाला.

"तुमी जुन्यावर मारा, तुमची सवय हाय. आनि घरातलं घरातच रातंय ना! चौदावा नंबर आनला तुमी गेल्या साली, आता वैनी चौथा आनतील, ताट एकच." केसरीनाथ पुन्हा हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. कुणाच्याच मनात काही नव्हतं, हेच इक्बालला सहन होत नव्हतं.

परतताना रिक्षात माजिदाने विचारलं, "तुमाला पायजे असंल तर तुमी घ्या. मी सांगते केसरीभायला."

"मला काय करायचंय?"

"तुमाला वाटत असंल..."

"मला काय वाटत नाय. पुढं बघ, ओढणी चाकात जाईल."

ती ओढणी आवरून बसली. वळ गावच्या फाट्यापाशी ट्रकांची रांग लागली होती, रिक्षा तिथं वीस मिनिटं अडकली. ती उजव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती, उघडत होती. तो बघत नव्हता असं दाखवून बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिच्या हाताचा आकार काढून घेतला. तिने कार्डाच्या कोऱ्या पाठीवर हात पसरला आणि तो पेन्सिल बोटांच्या मधून फिरवू लागला. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली. "हलू नको." मुलगी कुबरा शाळेतून आली होती, दारात उभी राहून म्हणाली, "अम्मी, अब्बा तुझी मेंदी काढतात काय?" तो हसला नाही. हात उचलल्यावर कार्डावर जे राहिलं ते बघून तो चकित झाला. आपल्याला वाटत होतं त्याहून हा हात लांब होता. अनामिका तर्जनीपेक्षा चांगली पाव बोट मोठी. तळवा अरुंद, अंगठ्याच्या बुडाशी मांस कमी. सोळा वर्षं हा हात त्याच्या पुढ्यात भाकरी वाढत होता आणि कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, लहान आहे, गुबगुबीत आहे. कुठल्या बाईचा हात त्याच्या डोक्यात होता कोण जाणे.

काम त्याने कारखान्याच्या मागच्या खोलीत केलं, दोन ते चारच्या मधल्या वेळात. मूठ काढून वाइसच्या जबड्यात आवळली, कार्ड समोर खिळ्याला टांगलं, आणि पहिले दोन दिवस तो कार्डाबरहुकूम चालला. तळव्याखालची फळी, जिच्यावर हाताची कड टेकते, ती वर घेतली. तिचा तळवा अरुंद म्हणून. बोटांच्या तीन चऱ्या पेन्सिलने आखल्या. लाकडाची कानस फिरली की तपकिरी भुगा पडायचा, त्याला किंचित कडू वास होता. शेजारी अठ्ठेचाळीस माग चालू होते, खोलीची जमीन थरथरत होती, वाइसही थरथरत होता, आणि त्या थरथरीत त्याला बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मूठ पिस्तुलाला लावून हातात धरून बघितली. बघणं भाग होतं. बावीस वर्षांत त्याने कुठलंच काम मोजपट्टीने केलं नव्हतं. भाग बसवायचा, तळवा ठेवायचा, कुठं टोचतं ते बघायचं, टोचतं तिथं घासायचं. मूठ अंगठ्याच्या सांध्यापाशी टोचली. त्या सांध्यावर त्याला गाठ होती. ऐंशी साली मागाच्या, धोटा फेकणाऱ्या मारदांड्याने तिथं फटका दिला होता, हाड जुळलं ते जाडच जुळलं. त्याने तिथं दोन हात कानस मारली. पुन्हा धरली. आता बोटांकडं टोचली. तिथं मारली.

चौथ्या दिवशी कार्डाकडं त्याने बघितलं नाही. ते होतं तिथंच होतं, खिळ्याला, तिचा पसरलेला हात पाच बोटांनी भिंतीवर. तो पाठ करून काम करत होता. उजेड त्या बाजूने येतो म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याने माहीत करून घेतलं नाही. लाकूड हळूहळू त्याच्या हातात शिरत होतं, किंवा हात लाकडात, आणि शेवटी काचपेपर मारून, तेल पाजून त्याने पिस्तूल उचललं तेव्हा ते उचललं गेलं असं वाटलंच नाही. हात मिटला आणि त्यात ते होतं. त्याने ते दारावरच्या डागावर रोखलं. माशी खाचेत आपोआप येऊन बसली, एकच माशी, स्वच्छ. पुण्याच्या रेंजचे पांढरे दिवे त्याला दिसले. आणखी एक वर्ष, फार तर दोन. नंतर डोळे ऐकणार नाहीत. माजिदा छत्तीसची आहे, तिच्याकडं वेळ आहे, तिला पुढच्या साली दुसरी मूठ मागवता येईल, एवढा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात इतक्या पटकन झाला की तो आधीच करून ठेवलेला असणार.

गुरुवारी माजिदाने विचारलं, "झाली का मूठ? एकदा धरून बघते."

"तेल ओलं हाय. हात लावला तर डाग पडतील."

"नुसती धरते वो."

"सांगितलं ना. उद्या धर."

तेल सकाळीच वाळलं होतं.

शुक्रवारी चाचणी होती. पुण्याला नाव पाठवायचं तर बायकांना चाळीस छर्‍यांत तीनशे पंचेचाळीस आणि पुरुषांना साठात पाचशे पंचवीस पाहिजेत, असं जिल्ह्याने कळवलं होतं. माजिदा रेषेवर गेली, इक्बालने फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल तिच्यापुढच्या टेबलावर ठेवलं आणि तीन पावलं मागं आला. तिने फडकं काढलं, मुठीकडं बघून म्हणाली, "काय सुंदर केलीय," आणि हात घातला. तिचा खांदा थांबला, तेवढंच त्याला मागून दिसलं. तिने हात काढून घेतला, पुन्हा घातला. अंगठा वर सरकवला, खाली आणला. मग डाव्या हाताचं बोट तिने लाकडावरून फिरवलं, एका जागी आणलं, आणि ते बोट तिथं राहिलं. अंगठ्याच्या सांध्यापाशी खोलगट खळी होती, सुपारीएवढी. तिच्या हातात तिथं भरायला काही नव्हतं. ती वळली. तो तिच्या चेहऱ्याची वाट बघत होता. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. ती त्याच्या खिशातल्या हाताकडं बघत होती.

"लाकूड हाय," तो हळू म्हणाला. "बसंल हळूहळू."

"कुनाला?"

त्याने खिशातला हात आणखी आत ढकलला.

"वैनी, टायम चालू करू काय?" केसरीनाथने घड्याळ हातात घेऊन विचारलं.

"करा," ती म्हणाली. "पन मी जुन्यावर मारते. ह्यांना द्या नवं. ह्यांना बसतंय."

"अवो पन..."

"द्या वो केसरीभाय. एकदा मारू दे त्यांना."

तिने स्प्रिंगचं पिस्तूल घेतलं. तो तिच्या मागं गेला नाही, कोपराखाली हात धरला नाही, आणि तिने मागं वळून बघितलं नाही. पहिल्या दहांत तिने तीनदा डोळे मिटले. नंतर मिटले नाहीत. चाळीस छर्रे, एक तास चार मिनिटं, तीनशे एकतीस. चौदा कमी पडले. बेरीज ऐकून तिने मान हलवली आणि रिळांच्या थप्पीला टेकून जमिनीवर बसली, ओढणीने मान पुसत.

मग तो रेषेवर आला. मूठ हातात गेली आणि त्याच्या सगळ्या अंगाला सांगून गेली की हे तुझं आहे. त्याने हात वर केला, माशी खाचेत आली, बटणाच्या खाली येऊन थांबली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. फट्. सात. घड्याळात सहा वाजतात तिथं, सरळ खाली. चाप नवा आहे, त्याला वाटलं. दुसरा, आठ, खाली. तिसरा सहा, खाली. चौथ्याला त्याने स्वतःकडं लक्ष ठेवलं आणि त्याला दिसलं. चाप सुटायच्या आधी, केसभर आधी, त्याचं मनगट खाली दाबत होतं. येणाऱ्या धक्क्याला ते आडवं जात होतं. सहा वर्षं गेलं होतं, आताही जात होतं, आणि समोरून कुणी येत नव्हतं. धक्काच नव्हता, म्हणून मनगट रिकाम्यात पडत होतं आणि नळी खाली जात होती. त्याने स्वतःला बजावलं, काही येणार नाही, मोकळा सोड. मोकळा सोडला तर हात थरथरला. माशी वर धरून मारली तर दहाच्या वर आठ. वीस छर्‍यांनंतर त्याची पाठ घामाने भिजली. हे पिस्तूल काही लपवत नव्हतं. जुन्यात चूक झाली की धक्क्यावर टाकता यायची. इथं मनगटाने जे केलं तेवढंच कार्डावर उमटत होतं, बारीक, स्वच्छ कडेचं भोक, खाली, आणखी खाली. मूठ इतकी चोख बसली होती की हाताला दडायला कुठं जागा नव्हती. साठ छर्रे. पाचशे सात. जुन्या पिस्तुलावर तो पाचशे एक्केचाळीस मारायचा.

केसरीनाथने बेरीज दोनदा केली. बाकीचे लोक कार्डं काढायला गेले ते तिकडंच रेंगाळले. "आता काय करायचं?" तो म्हणाला. "पेपर उद्या पाठवायचा हाय. कुनाचं नाव लिवू? दोगांचं पन बसत न्हाय."

माजिदा थप्पीला टेकून होती. ती बोलली असती, एक शब्द, रागाचा किंवा त्याला वाचवणारा, तर त्याला त्याच्या आडोशाला जाता आलं असतं. शुक्रवार होता, बाहेर कुठंच काही वाजत नव्हतं.

"तिचं लिव," इक्बाल म्हणाला.

"पन वैनींचे तीनशे एकतीस..."

"मूठ माझ्या हाताची कापली मी. तिच्या नाय."

केसरीनाथला आधी कळलं नाही. मग त्याने मूठ बघितली, इक्बालचा हात बघितला. "चुकून जालं व्हय?" तो सावकाश म्हणाला; आणि त्याच्या आवाजात एवढी दया होती, हो म्हणायला एवढी मोकळी जागा होती, की इक्बालला क्षणभर खरंच वाटलं चुकून झालं.

"नाय," तो म्हणाला. "चुकून नाय."

कुणीतरी कार्डांची चळत टेबलावर ठेवली. केसरीनाथने खोकून घसा साफ केला, खिशातून पेन काढलं, परत ठेवलं. "सोमवारपर्यंत थांबवतो पेपर," तो माजिदाकडं बघून म्हणाला. "मूठ नीट करून आना. परत मारा. ह्यांच्याकडूनच नीट करनार का दुसरा कोन बगू?"

"ह्यांच्याकडूनच," माजिदा म्हणाली. घरी येऊन तिने वाढलं.

काढलेलं लाकूड परत घालता येत नाही. शनिवारी सकाळी तो दापोड्याला गेला, ट्रकांचे चेपलेले पत्रे भरतात त्या माणसाकडून डबाभर लांबी, खळगे भरायची पुट्टी, आणि ती घट्ट करायच्या औषधाची नळी घेऊन आला. दुपारी अंगणात खाट टाकून माजिदाच्या उजव्या हाताला त्याने खोबरेल चोळलं, बोटांच्या पेरांना, बेचक्यांना, नखांच्या कडांना, लांबी चिकटू नये म्हणून. मग पत्र्यावर लांबी कालवली, मुठीवरच्या स्वतःच्या हाताच्या सगळ्या खुणांवर थापली, खळीत दाबून भरली. "धर," तो म्हणाला. "रेषेवर धरतेस तशी. घट्ट नको. आता वीस मिनिटं हलायचं नाय."

तिने धरलं आणि हात समोर केला. तिच्या बोटांच्या फटींतून करडी लांबी बाहेर आली आणि त्याने ती चाकूच्या पात्याने अलगद निपटली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. हाताला भार होऊ नये म्हणून त्याने तिचं मनगट खालून दोन बोटांवर तोललं. नाडी लागत होती, सावकाश, त्याच्यापेक्षा कितीतरी सावकाश. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती आणि थोड्या वेळाने तो चेहरा आला. ओठ किंचित सुटले, भुवया सैल झाल्या. तो हातभर अंतरावर बसला होता. आतून कडी घातल्याचा तोच आवाज त्याने पुन्हा ऐकला, कबूल केल्याने तो कणभरही कमी झालेला नव्हता.

"लांबी गरम लागतीय," ती म्हणाली. कालपासूनचं पहिलं वाक्य.

"घट्ट होताना होते. भाजतीय?"

"नाय."

मग त्याने विचारलं, "मारायच्या आधी तू कुठं जातेस?"

मान न वळवता, हात न हलवता तिने त्याचा खरंच विचार केला असं दिसलं. "कुठं नाय," ती म्हणाली. "कोन नसतं तिथं."

"मी पन नाय?"

"तुमी नाय. मी पन नाय." आणि मग, थोडं चिडून, "आता बोलू नका. हात हलतो."

त्याने मनगटाखालची बोटं होती तशीच ठेवली आणि उंबऱ्यापाशी ठेवलेल्या घड्याळाकडं बघितलं. अजून अकरा मिनिटं होती.